अनोळखी दारांवरून गेलेली वाट : शांदोर चोमाची पायपीट

नोव्हेंबर १८२४ ची अखेर. सिमल्याच्या अलीकडे डोंगरात वसलेल्या सबाथूच्या छावणीत एक परदेशी गृहस्थ येऊन दाखल झाला. वय चाळिशीचे, अंगावर पहाडी लोकांसारखी घोंगडीची वस्त्रे, चेहरा उन्हाने व बर्फाने रापलेला. तो इंग्रजी बोलत होता, पण ते पुस्तकातून शिकलेले इंग्रजी होते. तो इंग्रज नव्हता, फ्रेंच नव्हता आणि रशियनही नव्हता. जवळ तिबेटी भाषेतील कागदांची भेंडोळी आणि एका इंग्रज प्रवाशाचे शिफारसपत्र, एवढाच त्याचा ऐवज. छावणीचा प्रमुख कॅप्टन केनेडी (सिमल्यात पहिले पक्के घर बांधणारा इंग्रज म्हणून ज्याचे नाव राहिले, तोच हा) पेचात पडला. उत्तरेकडून रशिया येणार, या धास्तीने कंपनी सरकारला ग्रासलेले होते. अशा दिवसांत हिमालयापलीकडून पायी आलेल्या युरोपियनाला गुप्तहेर समजणे काही वावगे नव्हते. केनेडीने त्याला ठेवून घेतले आणि वरिष्ठांना कळवले. उलट हुकूम आला तो असा की, या माणसाने आपण कोण, कोठून आलो आणि कशासाठी आलो, हे लिहून द्यावे.

२८ जानेवारी १८२५ रोजी त्याने ते लिहून दिले. संशयातून मुक्त होण्यासाठी लिहिलेला तो सरकारी जबाब आज एका विलक्षण प्रवासाचा मुख्य आधार आहे. जबाब देणाऱ्याचे नाव शांदोर चोमा. गावाच्या नावावरून त्याला क्योरोशी चोमा म्हणत. इंग्रजी ग्रंथांत तो अलेक्झांडर चोमा द कोरोस या नावाने भेटतो. तिबेटी भाषेच्या आधुनिक अभ्यासाचा पाया ज्याने घातला, तो हा हंगेरियन.

या जबाबात तक्रार जवळजवळ नाही. वाळवंटे, बर्फ, उपासमार यांची वर्णने नाहीत. तारखा आहेत, गावांची नावे आहेत आणि वाटेत कोणी काय दिले याच्या नोंदी आहेत. कोणी निवारा दिला, कोणी कपडे, कोणी थोडी रक्कम, कोणी पुढच्या मुक्कामासाठी चिठ्ठी. जमाखर्चाची वही वाचावी तसे ते वाचले, की ध्यानात येते ते असे : ट्रान्सिल्व्हेनियापासून लडाखपर्यंतचा हा प्रवास त्याच्या स्वतःच्या पैशावर झालेलाच नाही. तो इतरांच्या सोबतीवर, इतरांच्या जनावरांच्या मागून आणि इतरांच्या छपराखाली झाला.

चोमाचा जन्म १७८४ चा. गाव क्योरोश. ते तेव्हा हाब्सबुर्ग साम्राज्यातील ट्रान्सिल्व्हेनियात होते, आज रुमानियात आहे. घराणे सेकेय जमातीचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सरहद्दीवर पहारा देणाऱ्या हंगेरियन भाषकांचे. घरात दारिद्र्य. मुलगा हुशार निघाला म्हणून बापाने त्याला १७९९ मध्ये नॉगएन्येद येथील प्रॉटेस्टंट विद्यालयात नेऊन घातले. तेथे गरीब विद्यार्थी पडेल ते काम करून अन्न आणि शिक्षण मिळवीत. आपल्याकडच्या वारावर जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची पिढी ज्यांना आठवत असेल, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. चोमाने या विद्यालयात सुमारे पंधरा वर्षे काढली. जमिनीवर झोपणे, अल्प आहार, पायी लांब अंतर तोडणे या सवयी त्याला तेथेच जडल्या. पुढे त्या त्याच्या उपयोगी पडल्या आणि अखेरीस बहुधा जिवावरही बेतल्या.

त्या काळच्या हंगेरियन तरुणांना एका प्रश्नाने झपाटले होते. युरोपच्या मध्यभागी आपण असे एकटे का? भोवतालच्या जर्मन, स्लाव्ह किंवा रुमानियन भाषांशी आपल्या भाषेचे नाते नाही. आपले पूर्वज पूर्वेकडून घोड्यांवरून आले, हे सर्वांना ठाऊक, पण पूर्वेकडून म्हणजे कोठून? फिनलंडच्या बाजूच्या भाषांशी हंगेरियनचे साम्य १७७० मध्येच एका हंगेरियन विद्वानाने दाखवून दिले होते आणि भाषाशास्त्राने पुढे तेच खरे ठरवले. परंतु थंड प्रदेशातील कोळी आणि शिकारी आपले भाऊबंद, ही कल्पना स्वाभिमानी मनांना रुचत नव्हती. मध्य आशियातील उइगुर हेच आपले रक्ताचे नातलग, असे एक मत तेव्हा प्रचलित होते. गटिंगेन विद्यापीठात १८१६ ते १८१८ या काळात पौर्वात्य भाषांचा अभ्यास करताना चोमाच्या मनात ते पक्के रुजले. थोडक्यात, ज्या शोधासाठी त्याने आयुष्य पणाला लावले, त्याचा मूळ आधारच चुकीचा होता. हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही.

परत आल्यावर अध्यापकाच्या नोकऱ्या समोर होत्या. त्या त्याने नाकारल्या. गुरुजनांनी परोपरीने समजावले, पण उपयोग झाला नाही. केंदेरेशी नावाच्या एका सद्‌गृहस्थाने शंभर फ्लोरिन दिले, त्यावर तो क्रोएशियात जाऊन स्लाव्ह भाषा शिकून आला. बादशाही पासपोर्ट मागितला असता तर चौकशा झाल्या असत्या आणि बहुधा नकार मिळाला असता. म्हणून त्याने केवळ बुखारेस्टपर्यंतचा साधा परवाना काढला आणि नोव्हेंबर १८१९ मध्ये तो निघाला. शेजारच्या गावी फेरफटका मारावयास जावे तसे हलके कपडे आणि हातात काठी, अशा थाटात तो गेल्याची आठवण त्याच्या परिचितांनी जपून ठेवली आहे.

रस्त्याच्या कडेला उभे राहून अंगठा दाखवायचा आणि येणाऱ्या मोटारीत जागा मिळवायची, याला हिचहायकिंग म्हणतात. हा शब्द विसाव्या शतकातला, अमेरिकेत रुळलेला. पण रीत फार जुनी आहे. चोमाच्या काळी मोटारीच्या जागी तांडा असे. तांड्याला माणसांची गरज असे, कारण संख्या मोठी तर लुटारूंचे भय कमी. म्हणून एखादा निरुपद्रवी वाटसरू मागून चालू लागला, तर त्याला सहसा हाकलीत नसत. त्याने रात्री शेकोटीजवळ बसावे, भाकरीचा तुकडा मिळाला तर खावा आणि पहाटे सर्वांबरोबर उठावे. एक मात्र होते. तांडा जाईल तिकडेच जावे लागे आणि तांडा थांबला की थांबावे लागे.

याचा प्रत्यय पहिल्याच टप्प्यात आला. कर्पाथियन पर्वत त्याने व्यापाऱ्यांच्या संगतीत ओलांडला. बुखारेस्टहून इस्तंबूलला जाण्याची सोय होईना, तेव्हा १८२० च्या पहिल्याच दिवशी तो निघाला. डॅन्यूब ओलांडून, बुखारेस्टला कापूस पोहोचवून परतणाऱ्या बल्गेरियनांच्या घोड्यांबरोबर आठ दिवस चालत त्याने सोफिया गाठले. तेथून फिलिपोपोलिस, म्हणजे आजचे प्लॉव्हदिव. इस्तंबूलच्या वाटेवर प्लेगची साथ होती. मग एजियन समुद्राच्या काठचे एनॉस बंदर आणि तेथून एका ग्रीक जहाजाने थेट अलेक्झांड्रिया! अरबी शिकण्यासाठी इजिप्तमध्ये काही काळ राहावे, असा त्याचा बेत होता. तेथेही प्लेगने गाठले. पुन्हा जहाज, या वेळी सीरियाकडचे. सायप्रस, सिदोन, बैरुत, त्रिपोली, लताकिया करीत तो किनाऱ्याला लागला आणि १३ एप्रिल १८२० रोजी पायी अलेप्पोला पोहोचला. चीनच्या सरहद्दीकडे निघालेला माणूस पाच महिन्यांत भूमध्य समुद्राला अर्धा वळसा घालून आला होता.

अलेप्पोहून पुढे त्याने साधा आशियाई वेष चढवला. काफिल्यांबरोबर पायी उर्फा, मार्दिन करीत तो मोसूलला आला आणि तेथून टायग्रिस नदीतून खाली बगदादला. तारीख २२ जुलै. बगदादचा इंग्रज रेसिडेंट रिच तेव्हा कुर्दिस्तानात गेला होता, त्यामुळे त्याची भेट झाली नाही. परंतु मध्य युरोपातून येऊन तेथे स्थायिक झालेल्या स्वोबोदा नावाच्या व्यापाऱ्याने चोमाला आश्रय दिला. एव्हाना त्याचे कपडे झिजून गेले होते. तेथे त्याला नवा पोशाख मिळाला आणि पुढच्या वाटखर्चाला थोडे पैसेही. सप्टेंबरच्या आरंभी तो घोड्यावर बसून काफिल्याबरोबर निघाला. किरमानशाह आणि हमदान मागे टाकून १४ ऑक्टोबर १८२० रोजी त्याने तेहरान गाठले.

तेहरानचा प्रसंग त्या जबाबात चार ओळींत येतो, पण तेथे थोडे थांबलेच पाहिजे. चोमा ब्रिटिश वकिलातीत गेला, तर तेथे एकही युरोपियन हजर नव्हता. वकिलातीचा प्रमुख हेन्री विलॉक बाहेर होता. दारात होता तो एक इराणी नोकर. समोर उभा असलेला माणूस फाटका, अनोळखी आणि कोणत्याही सरकारचा नसलेला. त्याला हाकलून दिले असते तरी त्या नोकराला कोणी दोष दिला नसता. उलट धन्याच्या गैरहजेरीत परक्याला आत घेतल्याबद्दल बोलणी खावी लागण्याचीच शक्यता अधिक. त्या नोकराने चोमाचे अगत्याने स्वागत केले, वकिलातीच्या वाड्यात त्याला खोली दिली आणि काही दिवस त्याच्या जेवणाचीही तजवीज केली. चोमाने त्याचे नाव नोंदवलेले नाही. पण चार वर्षांनंतर, स्वतःची निर्दोषता सिद्ध करण्यासाठी लिहिलेल्या कागदात, जेथे वजनदार इंग्रजांची नावे घालणे हिताचे होते, तेथे त्याने या निनावी नोकराचा उपकार आवर्जून लिहिला.

पुढे विलॉक आला आणि त्यानेही त्याला उदारपणे ठेवून घेतले. चार महिने चोमा तेहरानला राहिला. फारसी पक्की केली, इंग्रजी सुधारली, तब्येत सावरली. निघताना वाटखर्चाला पैसे आणि जॉन्सनच्या शब्दकोशाची एक छोटी प्रत त्याला मिळाली. १ मार्च १८२१ रोजी त्याने युरोपियन कपडे उतरवले, पासपोर्ट, विद्यापीठाची प्रमाणपत्रे आणि सारे कागद विलॉककडे ठेवले व आर्मेनियन म्हणून पुढची वाट धरली. बुखाऱ्याच्या वाटेवर आपले काही बरेवाईट झाले तर हे कागद मायदेशी पाठवावेत, एवढीच त्याची विनंती होती. यापुढे त्याचे नाव सिकंदर बेग. अलेक्झांडर म्हणजेच शांदोर आणि शांदोर म्हणजेच सिकंदर, तेव्हा खोटे नाव घेतले असेही म्हणवत नाही.

मशहदला तो १८ एप्रिलला पोहोचला आणि अडकला. पुढे लढायांची धामधूम होती. ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेपर्यंत, तब्बल सहा महिने, त्याला तेथे काढावे लागले. १८ नोव्हेंबरला बुखारा. हिवाळा तेथेच काढावा असे मनात होते, पण मोठे रशियन सैन्य चालून येत असल्याच्या अफवांनी शहर हादरले होते. पाचच दिवसांत तो एका काफिल्याबरोबर निघाला. बल्ख, खुल्म, बामियान. ऐन हिवाळ्यात हिंदुकुश ओलांडून ६ जानेवारी १८२२ ला तो काबूलला उतरला. या टप्प्याबद्दल त्याने जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. याच वाटेने पुढे गेलेल्या इंग्रज प्रवाशांनी जाडजूड ग्रंथ लिहिले. चोमाने तारखा लिहिल्या.

काबूलहून पेशावरकडे येताना २६ जानेवारीला खैबरच्या अलीकडे, डक्का येथे, त्याला दोन युरोपियन भेटले. एक आलार, दुसरा व्हेंतुरा. नेपोलियनच्या पाडावानंतर नोकरीच्या शोधात भटकणारे हे दोघे लष्करी अधिकारी महाराजा रणजितसिंहाकडे निघाले होते. पुढे शिखांची फौज युरोपियन पद्धतीने कवायती करणारे सेनापती म्हणून ते प्रसिद्धीस आले. त्या दिवशी मात्र तेही वाटसरूच होते. काश्मीरचे घाट बर्फाने बंद असल्याने चोमा त्यांच्याबरोबर लाहोरला आला. रणजितसिंहाच्या राज्यात परक्यांवर कडक नजर असे. चोमाला पुढे काश्मीरला जाण्याची वाट मोकळी झाली, त्यात या सोबतीचा वाटा मोठा असणार. मार्चच्या उत्तरार्धात तो लाहोरहून निघाला आणि अमृतसर, जम्मू, श्रीनगर करीत ९ जून १८२२ रोजी लेहला पोहोचला.

लेहहून यारकंदला जायचे आणि तेथून उइगुरांच्या मुलखात शिरायचे, हा त्याचा बेत. पण ती वाट खर्चाची, बिकट आणि ख्रिस्ती माणसाला धोक्याची, असे त्याला समजले. त्याच्या हाती पैसे नव्हते आणि या वाटेवर त्याला मागून येऊ देणारा तांडाही नव्हता. पंचवीस दिवस थांबून तो मागे फिरला. अडीच वर्षांची पायपीट एका अर्थाने तेथेच संपली. ज्या प्रदेशासाठी तो निघाला होता, त्याच्या याहून जवळ तो पुढील वीस वर्षांत कधी गेला नाही.

परतीच्या वाटेवर, १६ जुलैला, द्रासच्या परिसरात त्याची विल्यम मूरक्रॉफ्टशी गाठ पडली. हा कंपनी सरकारचा पशुवैद्य. चांगल्या जातीचे घोडे शोधण्याच्या निमित्ताने मध्य आशियाकडे निघालेला आणि रशियाच्या हालचालींवर डोळा ठेवून असलेला. त्याने चोमाला आपल्या मुक्कामी ठेवून घेतले आणि त्याच्या हाती एक पुस्तक दिले. ‘आल्फाबेटुम तिबेटानुम’, रोममध्ये १७६२ साली छापलेला, तिबेटी लिपी व भाषेवरचा विस्कळीत लॅटिन ग्रंथ. चोमाने तो वाचला आणि तिबेटी शिकायचे ठरवले. तिबेटच्या ग्रंथभांडारात आपल्या पूर्वजांचा कोठेतरी उल्लेख सापडेल, ही त्यामागची आशा होती.

मूरक्रॉफ्टचा चांगुलपणा निखळ होता काय? तसे म्हणता येणार नाही. तिबेटी भाषा जाणणारा माणूस कंपनीला हवा होता. रशियाहून रणजितसिंहाच्या नावे आलेले एक पत्र मूरक्रॉफ्टच्या हाती लागले होते, त्याचे भाषांतरही त्याने चोमाकडूनच करून घेतले. पण स्वार्थ होता म्हणून उपकार खोटा ठरत नाही. मूरक्रॉफ्टने त्याला पैसे दिले, लेहच्या अधिकाऱ्यांना आणि लामाला पत्रे दिली आणि इंग्रज सरकारपुढे मांडता येईल असे शिफारसपत्रही दिले. सबाथूला चोमाच्या खिशात होते ते हेच पत्र. मूरक्रॉफ्ट स्वतः १८२५ मध्ये उत्तर अफगाणिस्तानात तापाने मेला. आपल्या हातून काय घडले, हे त्यालाही कळले नाही.

जून १८२३ मध्ये चोमा झंस्कारमधील झांगला गावी पोहोचला. तेथील छोट्याशा गढीत त्याला खोली मिळाली. अवघी नऊ फूट लांब-रुंद. तीत तिघे जण : चोमा, त्याचा गुरू लामा सांग्ये फुन्त्सोग आणि एक नोकर. हिवाळ्याचे चार महिने बर्फामुळे दाराबाहेर पाऊल टाकणे अशक्य. पारा गोठणबिंदूच्या कितीतरी खाली. खोलीत विस्तव नाही आणि अंधार पडल्यावर दिवा नाही. मेंढीच्या कातड्याच्या अंगरख्यात हात आखडून तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचीत बसे. पोथीचे पान उलटायचे म्हणजे हात उबेतून बाहेर काढणे आले. तेवढेही त्या थंडीत कष्टाचे होते. रात्री उघड्या जमिनीवर झोप. ही हकिकत त्याने स्वतः कोठे रंगवून लिहिलेली नाही. पुढे एका डॉक्टरने त्याच्याकडून ती काढून घेतली म्हणून आपल्याला कळते.

त्या लामाबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही. तो वैद्य होता, ज्योतिष, व्याकरण आणि बौद्ध धर्मग्रंथ यांत निष्णात होता आणि त्या मुलखात त्याला मान होता. दूरदेशीचा एक परधर्मी माणूस येतो, ख्रिस्ती असल्याचे लपवीत नाही, गुरुदक्षिणा म्हणून फारसे काही देऊ शकत नाही. आणि हा विद्वान त्याच्यासमवेत त्या गारठ्यात पंधरा-सोळा महिने घालवतो, आपल्या शास्त्रांचे वर्गीकरण करून देतो, शब्दांचे अर्थ उलगडून सांगतो. चोमाची चिकाटी थोर खरीच. परंतु झांगलाच्या त्या खोलीत थंडी दोघांनाही सारखीच वाजत होती. चोमाला निदान पूर्वजांच्या शोधाची ऊब होती. लामाला काय होते?

ऑक्टोबर १८२४ मध्ये चोमा तेथून निघाला. दुसरा हिवाळा सुसह्य ठिकाणी काढावा, म्हणून सबाथूला आला आणि संशयित ठरला. अनोळखी नोकरांनी आणि तांडेवाल्यांनी पाच वर्षे ज्याला कागद न विचारता वाट दिली, त्याला सुसंस्कृत सरकारने प्रथम कागद विचारले. हे त्याच्या जिव्हारी लागले. तसे पाहिले तर केनेडी दुष्ट नव्हता. त्याने आपले काम केले आणि कलकत्त्याहून अनुकूल निर्णय आल्यावर मदतही केली. सरकारने दरमहा पन्नास रुपये मंजूर केले आणि चोमाने तिबेटी शब्दकोश व व्याकरण तयार करून देण्याचा शब्द दिला. हा शब्द त्याने ऋणासारखा मानला. फुकताल मठातील पुढचा मुक्काम निष्फळ गेला, कारण लामाचे लक्ष उडाले होते. १८२७ मध्ये चोमा सबाथूला परतला तो ओशाळा होऊन. वेळ वाढवून मागितली, ती मिळाली. १८२७ ते १८३० ही वर्षे त्याने सतलजच्या खोऱ्यातील कानुम येथे काढली आणि तेथे तोच लामा पुन्हा त्याच्याबरोबर कामाला बसला.

कानुमला १८२८ मध्ये डॉ. जेरार्ड त्याला भेटला. लोणी-मीठ घातलेल्या चहावर राहणारा, फाटक्या घोंगडीतला हा विद्वान पाहून तो चकित झाला. त्याने आणलेल्या बहुतेक भेटवस्तू चोमाने नम्रपणे नाकारल्या. जेरार्डच्या पत्रामुळे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला जाग आली आणि तिने दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य देऊ केले. चोमाने तेही परत केले! येथे वाचक गोंधळतो. कोणाकोणाच्या सराईत फुकट राहिलेला माणूस आता पैसे का नाकारतो? मला वाटते, त्याचा हिशेब निराळा होता. गरज असताना मागितलेली पुस्तके त्याला मिळाली नव्हती. काम संपत आल्यावर कौतुक म्हणून आलेला पैसा त्याला नको होता. दारात उभ्या असलेल्याला दिलेली भाकरी आणि नाव झाल्यावर दिलेले मानधन यांत तो भेद करी. त्यात अहंकारही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. चोमा प्रेमळ, मनमिळाऊ वगैरे नव्हता. तो तुटक होता, चटकन दुखावला जाई आणि दुखावला गेला की विसरत नसे.

१८३१ मध्ये तो हस्तलिखिते घेऊन कलकत्त्याला आला आणि १८३४ मध्ये तिबेटी-इंग्रजी शब्दकोश व तिबेटी व्याकरण ही दोन्ही पुस्तके बॅप्टिस्ट मिशन प्रेसमध्ये छापून झाली. जेम्स प्रिन्सेप तेव्हा सोसायटीचा चिटणीस होता. शब्दकोशाच्या प्रस्तावनेत चोमाने पुन्हा एकदा स्पष्ट केले की, आपल्याला कोणत्याही सरकारने पाठवले नव्हते आणि हौसेखातर हिंडणाऱ्या धनिकांपैकीही आपण नव्हे. आपण केवळ एक गरीब विद्यार्थी. आणि मुखपृष्ठावर, आपल्या नावासोबत, झंस्कारचा विद्वान लामा सांग्ये फुन्त्सोग याच्या साहाय्याने हा ग्रंथ सिद्ध केला, असे छापून घेतले. देशी पंडितांकडून सारे शिकून आभाराच्या ओळीतही त्यांचे नाव न घालण्याची चाल असलेल्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

मान आले. हंगेरियन अकादमीने आणि एशियाटिक सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. मायदेशी त्याच्यासाठी वर्गणी जमली, ती त्याने स्वतःवर खर्च केली नाही. उलट शिल्लक टाकलेल्या पैशातून आपल्या विद्यालयासाठी आणि जन्मगावासाठी रक्कम धाडली. १८३६ मध्ये तो उत्तर बंगालातील तितालिया येथे संस्कृत व बंगाली शिकण्यासाठी जाऊन राहिला. त्याला अवगत असलेल्या भाषांच्या ज्या याद्या चरित्रकार देतात, त्यांत मराठीही आहे, हे आपण नोंदवून ठेवायला हरकत नाही. तितालियाला मेजर लॉइडने त्याला आपल्या बंगल्यात राहण्याचा आग्रह केला. साहेबाच्या घरी राहिलो तर आसपासचे लोक आपल्याशी मोकळे बोलणार नाहीत, म्हणून चोमाने नकार दिला. मग लॉइडने त्याला एक साधी झोपडी बांधून दिली. गड्याचा पगार तीन-चार रुपये आणि स्वतःचा खर्च तेवढाच, एवढ्यात त्याचा महिना भागे.

१८३७ पासून तो सोसायटीच्या ग्रंथालयात राहू लागला. चार बाजूंना पुस्तकांच्या पेट्या, मध्ये चटई. त्यावर बसणे, लिहिणे आणि झोपणे. आहार उकडलेला भात आणि चहा. पोशाख एकच, निळा. आगोश्त शोफ्त हा हंगेरियन चित्रकार १८४० मध्ये कलकत्त्याला आला असता त्याने चोमाचे रेखाचित्र काढले. चोमाचा हयातीत काढलेला चेहरा आपल्यापुढे आहे तो एवढाच.

फेब्रुवारी १८४२ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, तो पुन्हा निघाला. सिक्कीममार्गे ल्हासा आणि ल्हासापलीकडे उइगुरांचा देश. या खेपेस तराईचे जंगल आडवे होते. त्या पट्ट्यात रात्र काढणे म्हणजे हिवतापाला आमंत्रण, हे पहाडी भागात सर्वांना ठाऊक होते. २४ मार्चला तो दार्जिलिंगला पोहोचला. तेथील सुपरिंटेंडंट डॉ. कॅम्पबेल त्याच्या आधी ओळखीचा नव्हता. पण त्याने चोमासाठी सिक्कीमच्या राजाच्या वकिलाशी बोलणे लावले. शुद्ध तिबेटी बोलणारा आणि धर्मग्रंथ जाणणारा हा फिरंगी पाहून वकील थक्क झाला. परवानगीची आशा निर्माण झाली. ६ एप्रिलला चोमाला ताप भरला. प्रथम त्याने औषध घेण्याचे नाकारले. मधल्या एका दिवशी थोडा उतार पडला, तेव्हा तो कॅम्पबेलपाशी कितीतरी वेळ हूणांबद्दल, उइगुरांबद्दल आणि आपल्या लोकांच्या मूळ भूमीबद्दल बोलत होता. ल्हासाला पोहोचलो की सारी उत्तरे मिळतील, असे त्याला वाटत होते. ११ एप्रिल १८४२ च्या पहाटे पाचच्या सुमारास तो गेला.

दुसऱ्या दिवशी कॅम्पबेलने त्याचा दफनविधी केला, प्रार्थना स्वतः म्हटली आणि त्याच्या चीजवस्तूंची यादी केली. पुस्तकांच्या व कागदांच्या चार पेट्या, अंगावर होता तो निळा पोशाख, थोडे सदरे आणि एक पातेले. एशियाटिक सोसायटीने स्मारकासाठी एक हजार रुपये मंजूर केले. दार्जिलिंगच्या लेबाँग रस्त्यालगतच्या जुन्या दफनभूमीत ते स्मारक आहे. तेथून त्याचे जन्मगाव दूर असले, तरी हंगेरीहून माणसे येत असतात आणि थडग्यावर लाल-पांढऱ्या-हिरव्या रंगांच्या फिती बांधून जातात.